मुलांचं बासरी शिबिर आणि शेवटच्या संध्याकाळचा कार्यक्रम: आधी पट्टी ठरवा, पाहुणे नंतर

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बासरीचा वर्ग चालवतो. आठ ते सोळा वयाची तीसेक मुलं-मुली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवसांचं शिबिर घेऊन शेवटच्या संध्याकाळी त्यांचा जाहीर कार्यक्रम करायचा विचार आहे. पाहुणे कलाकार म्हणून कुणाला बोलवावं? राग कुठला घ्यावा? प्रत्येक मुलाला एकट्याने वाजवू द्यावं का? पालकांना सिनेमाची गाणी हवी आहेत. हॉल, माइक आणि खर्चाचं कसं जमवावं?

उत्तर:

पाहुण्यांचा प्रश्न तुम्ही सगळ्यात आधी विचारलात, पण तो जरा मागे ठेवू. पहिला निर्णय पट्टीचा आहे, म्हणजे बासरीचा सा कुठल्या सुरावर धरायचा याचा. मुलांच्या हाताची बोटं कुठपर्यंत पोहोचतात आणि एका श्वासात किती मात्रा निघतात, या दोन गोष्टींवरून शिबिराचं आणि कार्यक्रमाचं सगळं ठरतं. ते सोडून आधी मोठं नाव आणि मोठा हॉल पक्का केला, की मग त्या हॉलला शोभेल असं काहीतरी तीन दिवसांत मुलांकडून घोटून घ्यायची पाळी येते. अशा कार्यक्रमात मुलं बासरी तोंडाला लावून बसतात आणि आवाज मात्र सरांच्या बासरीचा येतो.

आज तीस मुलांकडे कुठल्या बासऱ्या आहेत ते वहीत लिहून काढा. बहुतेक वर्गांत चित्र सारखंच दिसतं. कुणाची जत्रेत घेतलेली, कुणाला मामाने ऑनलाइन मागवून दिलेली, दोघा-तिघांकडे पांढरी तीनची (म्हणजे हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या सुरावर, ‘ई’वर, सा असलेली) लांब बासरी, आणि एखादी अशी की तिची पट्टी कुठली हे कुणालाच ठाऊक नाही. ऑनलाइन घेताना एक घोळ हमखास होतो. आपल्याकडे वरची तीन छिद्रं बंद केल्यावर जो सा वाजतो त्याच्यावरून बासरीची पट्टी सांगतात. बाहेरचे काही विक्रेते सहाही छिद्रं बंद केल्यावरच्या स्वराचं नाव देतात. त्यामुळे आपण जिला ‘ई’ म्हणतो तीच बासरी त्यांच्या यादीत ‘बी’ म्हणून असते. पालकांना नुसतं ‘ई स्केल घ्या’ म्हणून भागत नाही. तीन छिद्रं बंद केल्यावरचा सा, हे स्पष्ट लिहून द्या.

मैफलीत ऐकू येते ती साधारण तीस इंची, पांढरी तीनची बासरी. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब बासरी रागसंगीताच्या मंचावर आणली आणि तिला खर्जाचा भरदारपणा दिला. मुलांना तीच हवी असते, कारण यूट्यूबवर दिसते ती तीच. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाची अनामिका सहाव्या छिद्रावर ताणून बसवली, की मनगट वाकडं होतं, खांदा वर चढतो आणि सूर गळतो. त्या वयाला पांढरी एकची, म्हणजे अठरा-एकोणीस इंचांच्या आसपासची बासरी बरी. बारा-तेराला हात वाढला की पांढरी पाच, आणि त्यानंतर पांढरी तीन.

बोट नीट बसलंय का हे बघायची सोपी खूण आहे. सहाही छिद्रं दाबून मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) दहा सेकंद धरायला सांगा आणि मग हात उलटे करून बोटं बघा. प्रत्येक बोटावर छिद्राचा गोल वळ उमटलेला असतो. वळ पुरा गोल असेल तर बोट बरोबर बसलंय. चंद्रकोरीसारखा अर्धवट असेल तर तिथून हवा जातेय, आणि सूर का फुटतो याचं कारण तेच. मुलांना ही तपासणी फार आवडते, एकमेकांची बोटं बघत बसतात. लांब बासरीला बोटाच्या टोकाऐवजी जरा आतला मांसल भाग लागतो, तेही यातच कळतं.

आता मुख्य मुद्दा: एकत्र वाजवायच्या गटात सगळ्यांची पट्टी एकच हवी, आणि जमलं तर बासऱ्या एकाच कारागिराकडून, एकाच वेळी करून घेतलेल्या. बांबू हा बांबू आहे. दोन कारागिरांच्या ‘पांढरी एक’ सहसा तंतोतंत जुळत नाहीत, आणि दहा मुलांत दोन बासऱ्या जरा चढ्या निघाल्या की सगळा गट बेसूर वाटतो. बहुतेक चांगल्या बासऱ्यांचा बांबू आसामकडून, बराक खोऱ्यातून येतो. उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतमध्ये बासरी बनवणारी घराणीच्या घराणी आहेत. पण तुमच्या कामासाठी पुण्या-मुंबईचा किंवा कोल्हापूर-मिरजेकडचा, फोनवर बोलता येईल आणि बिघडलेली बासरी परत घेईल असा माणूस गाठा. शिबिराच्या निदान दोन महिने आधी मागणी द्या. दिवाळीच्या तोंडावर घाई केली तर दुकानात उरलेलं पदरात पडतं.

मोठ्यांचा गट पांढरी तीनवर, लहानांचा पांढरी एकवर असं ठेवलंत तर दोघांना एकत्र वाजवायला लावू नका. शेवटी सगळ्यांनी मिळून काही वाजवायचंच असेल तर मोठ्यांनी पांढरी एकची बासरी हातात घ्यावी, लहानांना लांब बासरीकडे ओढू नये. तबलजींना या दोन्ही पट्ट्या महिनाभर आधी सांगा. पांढरी तीनला टीपेचा, लहान तोंडाचा तबला लागतो आणि तो प्रत्येकाकडे असतोच असं नाही. ऐन कार्यक्रमात तबला उतरवत-चढवत बसलं तर पाच-सात मिनिटं जातात आणि लहान मुलं तेवढ्यात ढेपाळतात.

रागाबद्दल. तुमच्या मनात दुर्गा असणार, कारण गायनाच्या वर्गात तो सुरुवातीलाच शिकवतात. बासरीवर मात्र दुर्ग्यातला शुद्ध मध्यम पहिलं छिद्र अर्धं उघडून काढावा लागतो, आणि अर्धं छिद्र म्हणजे दहा मुलांचे दहा मध्यम. आपल्या बासरीची रचनाच अशी आहे की तिच्यातून कल्याण थाटाचे स्वर, म्हणजे तीव्र मध्यम आणि बाकी सगळे शुद्ध, सरळ निघतात. तीन बोटांवर सा, दोनवर रे, एकावर ग, सगळी मोकळी सोडली की तीव्र म, सगळी दाबून जोर दिला की प, पाचवर ध, चारवर नी. अर्धं छिद्र कुठेच नाही. म्हणून लहान गटाला भूप द्या, मधल्या गटाला हंसध्वनी, मोठ्यांना यमन. या तिन्हींत सामूहिक वादन सुरात राहायची शक्यता सगळ्यात जास्त. वृंदावनी सारंग, देस, खमाज सुंदरच आहेत, पण ते एकट्याने वाजवणाऱ्यांसाठी ठेवा.

भूप सोपा म्हणतात, पण त्यात एक अवघड जागा आहे: गंधारावरून पंचमावर जाणं. ग वाजताना एकच बोट खाली असतं आणि प ला सहाही लागतात, म्हणजे पाच बोटं एकाच क्षणी पडायला हवीत आणि त्याच क्षणी फुंकही वाढायला हवी. एखादं बोट मागे राहिलं की मध्येच ‘क्वीं’ असा आवाज येतो, आणि दहा मुलं वाजवत असतील तर तो दहा वेगवेगळ्या वेळी येतो. शिबिराच्या पहिल्या सकाळी बंदिशीला हात लावायच्या आधी नुसतं ग–प–ग–प करून घ्या, अगदी सावकाश, टाळीवर. पंधरा मिनिटं यात गेली तरी पुढचा सगळा दिवस वाचतो.

आणि हे सगळं आधी गाऊन. अन्नपूर्णा देवी स्वतः सुरबहार वाजवत, बासरी नव्हे. तरी हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर यांच्यासारखे बासरीवादक त्यांच्याकडे शिकले, ते त्यांनी गाऊन सांगितलेल्यावरून. मुलाला सरगम गाता येत नसेल तर ते बोटांच्या हिशोबावर वाजवतं, आणि मंचावर घाबरलं की पहिला विसरतो तो बोटांचा हिशोबच. प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं बासऱ्या पिशवीत, तानपुरा चालू आणि सगळ्यांचा सा. ‘आमचा मुलगा बासरी शिकायला आलाय, गायला नाही’ असं म्हणणारा एखादा पालक असतोच. त्यांना पहिल्या दिवशी मागे बसवून दाखवा. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच गुणगुणताना दिसतात.

श्वासाचं गणित मात्र तुम्हाला कागदावर करावं लागेल. तीनतालाच्या सोळा मात्रा, लय मिनिटाला १२० मात्रांची, तर आवर्तन आठ सेकंदांचं. ८० ची लय घेतली तर बारा सेकंदांचं. नऊ वर्षांच्या मुलाला आठ सेकंद सूर सलग धरणं जमतं, पण त्यात स्वर बदलत राहिले आणि तार सप्तक आलं की श्वास लवकर संपतो. त्यामुळे लहान गटाला मध्यलय, जराशी वरच्याच अंगाची, आणि दर आठ मात्रांना श्वास. श्वासाच्या जागा बंदिशीवर पेन्सिलीने लिहून द्या. मोठ्या गटात उलटं करा: पहिली रांग समेच्या (पहिल्या मात्रेच्या) आधी श्वास घेईल, दुसरी खालीच्या (नवव्या मात्रेच्या) आधी. सगळे एकदम थांबले तर मध्ये भोक पडल्यासारखं ऐकू येतं. ‘मुलांना विलंबित (अगदी संथ लय) द्या, गंभीर वाटेल’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या.

नवीन मुलांना चक्कर येते, हे पालकांना आधीच सांगून ठेवा. सूर लागत नाही म्हणून मूल जोरजोरात फुंकत राहतं, श्वास भराभर होतो आणि डोकं हलकं होतं. घाबरण्यासारखं काही नाही, बासरी खाली ठेवून साधा श्वास घेत बसलं की दोन-चार मिनिटांत बरं वाटतं. पण म्हणूनच लहान गटाला सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त वाजवू देऊ नका. उपाशीपोटी तर नकोच. साताऱ्याकडची दिवाळीतली सकाळ गार असते. आठला बोलावून थालीपीठ नाहीतर पोहे, आणि नऊला पहिला तास.

तीस मुलांचे तीन गट करा. वयावरून करू नका. हात आणि तयारी बघून करा. एखादी चौदा वर्षांची मुलगी यंदाच शिकायला लागली असेल तर तिला लहानांत बसवलं म्हणून तिला कमीपणा वाटू शकतो. अशांना त्या गटाचा ताल धरायचं काम द्या, ती गटात राहतेही आणि मोठीही ठरते. प्रत्येक गटाला तुमच्याशिवाय एक मदतनीस हवा, जुना विद्यार्थी चालेल. त्याचं काम शिकवायचं नाही. त्याने रांगेतून फिरत बोटं, मान, ओठ बघायचे. तीस मुलांसमोर एकटा शिक्षक उभा राहिला की पहिल्या रांगेतली पाच मुलं शिकतात आणि बाकीची पंचवीस त्यांच्याकडे बघत बसतात.

दुपारी वादन नको. जेवणानंतर मुलांच्या ओठांत जोर नसतो. ती वेळ ऐकण्याची. पन्नालालजींचं एक ध्वनिमुद्रण, हरिप्रसादजींचं एक आणि टी. आर. महालिंगम यांची कर्नाटक बासरी. फरक मुलांनाच सांगू द्या. कर्नाटक बासरी आखूड असते, तिला बोटांची छिद्रं आठ, आणि तिची गमकं ऐकून मुलं हमखास विचारतात, ‘हे बोटांनी करतात की तोंडाने?’ एका दुपारी बासरी बनवणारा कारागीर आणता आला तर उत्तमच. तापवलेली सळई बांबूत घालून छिद्र पाडताना येणारा धूर आणि जळका वास, आणि मग ते छिद्र हळूहळू कोरत स्वर चढवत नेणं, हे एकदा बघितलं की मूल आपली बासरी उन्हात, स्कूटरच्या डिकीत टाकत नाही. बांबू कोरड्या हवेत तडकतो, त्यावर दोरा का गुंडाळतात, आतून अधूनमधून तेलाचा हात का द्यायचा, हे सगळं कारागिराच्या तोंडून ऐकलेलं टिकतं. बासऱ्यांची अदलाबदल बंद ठेवा; दिवाळीत सर्दी-खोकला असतोच.

आता पाहुणे. मोठ्यात मोठं नाव आणलंत तर गर्दी होईल, फोटो निघतील, पण ते कलाकार संध्याकाळी सहाला येणार, आठला वाजवणार आणि दहाला निघणार. मुलांच्या पदरात काय? त्याऐवजी तिशी-पस्तिशीतला, मैफली करणारा आणि मुलांमध्ये रमणारा कलाकार बघा, जो दुसऱ्या दिवशी दुपारपासून तुमच्याकडे राहील. आपल्याकडे बासरीचे दोन मोठे प्रवाह आहेत, पन्नालालजींच्या परंपरेचा आणि हरिप्रसादजींचा, आणि दोन्हींचे शिष्य-प्रशिष्य मुंबई-पुण्यात शिकवत आहेत. हरिप्रसादजींचं मुंबईचं वृंदावन गुरुकुल तुम्हाला माहीत असेलच. पुण्यात पंडित केशव गिंडे यांच्या परंपरेत शिकलेले लोक आहेत. ज्येष्ठांना फोन करा, पण ‘तुम्ही या’ असं न म्हणता ‘तुमच्या शिष्यांपैकी मुलांना चांगलं शिकवणारं कोण?’ असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर ज्येष्ठ मंडळी फार मोकळेपणाने देतात.

तुमच्या वर्गात मुली किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. थोड्याजरी असल्या तरी एखाद्या स्त्री बासरीवादकाला बोलवायचा जरूर विचार करा. देबोप्रिया आणि सुचिस्मिता चॅटर्जी या भगिनी हरिप्रसादजींकडे शिकल्या आणि दोघी मिळून मैफली करतात. दक्षिणेत सिक्किल भगिनींनी कितीतरी वर्षं जोडीने बासरी वाजवली. ‘बासरी मुलग्यांचं वाद्य’ हा समज आपल्याकडे अजून पुरता गेलेला नाही आणि तो भाषणाने जात नाही.

पाहुण्यांना एक विनंती आधीच करा, थोडी संकोचाची आहे पण कराच: तीन दिवसांत कुणाच्या ओठांची ठेवण किंवा बोटांची पकड बदलू नका. प्रत्येक परंपरेची धरायची पद्धत थोडी वेगळी. पाहुणे एका दिवसात बदलून जातात आणि मग मूल ना इकडचं ना तिकडचं होऊन पुढचे महिनाभर अडतं. काही सुधारायचं असेल तर तुम्हाला सांगावं, तुम्ही नंतर सावकाश कराल. पाहुण्यांकडून घ्यायचं ते दुसरंच. एक राग कसा उलगडत नेतात, स्वतः रियाज कसा करतात, मंचावर चूक झाली की काय करतात. या शेवटच्या प्रश्नावर मुलं सगळ्यात जास्त खुलतात.

शाळेच्या मार्फत काही करता येत असेल तर स्पिक मॅकेचाही विचार करा. डॉ. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतून सुरू केलेली ही चळवळ शाळा-महाविद्यालयांत कलाकारांना घेऊन जाते. तुमच्या तारखांशी जमेलच असं नाही, पण वर्षभरात एखादं सप्रयोग व्याख्यान मिळालं तरी वर्गाला उपयोग होतो.

प्रत्येकाला एकट्याने वाजवू द्यावं का? नाही. तीस मुलांनी तीन-तीन मिनिटं वाजवलं तर नुसतं वादनच दीड तास, उठबस आणि माइक धरून सव्वादोन तास. आपलं मूल वाजवून झालं की पालक उठतात, आणि शेवटच्या मुलासमोर रिकाम्या खुर्च्या असतात. सगळी मुलं गटात वाजवतील. तयारी असलेली चार-पाच जणं एकट्याने, प्रत्येकी चार मिनिटं. सगळ्यात पुढे गेलेल्या एका-दोघांना दहा-बारा मिनिटं द्या: थोडा आलाप, मध्यलय बंदिश, दोन-चार ताना, तिहाई. बाकीच्यांना एकट्याने वाजवायची हौस असते, ती रास्तच आहे. त्यासाठी दुसऱ्या दिवशी रात्री जेवणानंतर घरगुती बैठक ठेवा. सतरंजी, एक तबला, माइक नाही, ऐकायला बाकीची मुलं. ज्याला वाजवायचंय त्याने वाजवावं. खरं सांगायचं तर अशा शिबिरांत मला सगळ्यात चांगलं संगीत त्या रात्रीच ऐकायला मिळतं. स्पर्धा आणि बक्षिसं शिबिरात अजिबात नकोत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, त्या पुरेत.

क्रम असा ठेवा: लहानांचा भूप सगळ्यात आधी, म्हणजे त्यांचं दडपण संपतं आणि मग ती समोर बसून बाकीच्यांचं ऐकतात. मग हंसध्वनी, एकट्याने वाजवणारे, मोठ्यांचा यमन, सगळ्यांचं एकत्र, आणि शेवटी पाहुण्यांची पाऊण तासाची बैठक. मुलांचा भाग सव्वा तासात संपवा. सत्कार, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे आभार हे सगळं मुलांचा भाग संपल्यावर आणि पाहुण्यांच्या आधी, दहा मिनिटांत. प्रमुख पाहुणे आले नाहीत म्हणून मुलांना नटवून-थटवून तासभर बसवून ठेवायची आपल्याकडची रीत मोडायचीच असेल तर इथून सुरुवात करा. बासरी गार पडते, ओठ कोरडे पडतात आणि मूल रडवेलं होतं.

बैठकीची एक बारीक गोष्ट. लांब बासरी वादकाच्या उजव्या हाताला बाहेर येते, त्यामुळे मुलांना मांडीला मांडी लावून बसवलं तर एकाची बासरी दुसऱ्याच्या कानात जाते. दोघांमध्ये हातभर जागा सोडा आणि सगळ्यांना किंचित तिरकं बसवा. वर्गात डावखुरी मुलं असतील तर त्यांना त्यांच्या डाव्या हाताकडच्या टोकाला बसवा. डाव्या बाजूला धरतात म्हणून त्यांना उजवीकडे वळवायच्या फंदात पडू नका. हरिप्रसादजी स्वतः डाव्या बाजूला धरतात.

हॉलमध्ये सगळ्यात मोठा शत्रू पंखा. ओठांतून निघालेली हवेची बारीक धार फुंकेच्या छिद्राच्या काठावर आदळते तेव्हा सूर निघतो. बाजूने पंख्याचा झोत आला की ती धार हलते आणि बासरी चक्क बंद पडते. मुलाला वाटतं आपलंच काही चुकलं. मंचावरचा उभा पंखा पूर्ण बंद, मंचावर छताचा पंखा असेल तर तोही. प्रेक्षकांचे चालू राहू द्या. हे हॉलच्या माणसाला आदल्या दिवशीच सांगा, कारण मंचावरचे आणि सभागृहातले पंखे एकाच बटणावर असतील तर ऐन वेळी काही करता येत नाही.

तापमानाचंही भान ठेवा. हवा गार झाली की बासरी उतरते. दहा अंशांच्या फरकाला पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामधल्या अंतराच्या पाव भागाइतकी सहज. म्हणून नोव्हेंबरच्या संध्याकाळी मैदानात, मांडवात कार्यक्रम नको. सातला जुळवलेला तबला नऊला जुळत नाही. बंद सभागृह, शाळेचा हॉल, वाचनालयाची वरची खोली, देवळाचा बंदिस्त सभामंडप, काहीही चालेल. मंचावर जायच्या आधी पाच मिनिटं मुलांनी सगळी छिद्रं दाबून बासरीत हळूच कोमट श्वास सोडावा, आवाज न करता. तबला आणि तानपुरा अशा ऊबदार बासरीशी जुळवायचे. तानपुऱ्याच्या अॅपमध्ये बारीक कमी-जास्त करायची सोय असते, ती आधी शोधून ठेवा.

ध्वनिव्यवस्था करणारे बहुतेक जण लग्न-वरातीचं काम करणारे असतात. चांगली माणसं असतात, पण बासरी म्हटली की इको वाढवतात. त्यांना दुपारी बोलावून मुलांना वाजवायला लावा आणि इको जवळजवळ बंद करायला सांगा. एकट्याने वाजवणाऱ्याला एक माइक, तोंडापासून वीतभर लांब, जरा वरून. फुंकेच्या थेट वाटेत आला की फुसफुस ऐकू येते. स्पंजची टोपी लावा. दहा मुलांच्या गटाला दहा माइक देऊ नका, समोर दोन-तीन कंडेन्सर माइक पुरतात. शंभर-दीडशे माणसांच्या हॉलमध्ये गटाला माइक नसला तरी चालतं. मुलांच्या बाजूला एक छोटा स्पीकर असा ठेवा की त्यांना तानपुरा आणि तबला नीट ऐकू येईल. हे विसरलं तर मुलं आपापल्या घड्याळावर वाजवतात. आणि तुमची स्वतःची बासरी माइकवर घेऊ नका, मोह झाला तरी.

सिनेमाच्या गाण्यांचा वाद घालू नका. एक गाणं घ्या, पालक खूश होतात आणि मुलंही. फक्त ते वर सांगितलेल्या सरळ स्वरांत बसणारं निवडा आणि आधी सरगम करून शिकवा. यूट्यूबवरच्या बोटांच्या चित्रांवरून नको. एखाद्या अभंगाची पारंपरिक चाल घेतली तर गावातलं अर्धं सभागृह टाळ धरतं, तो अनुभव मुलांना कुठल्याही गाण्यापेक्षा मोठा वाटतो. कायद्याचं म्हणाल तर हौशी मंडळाने विनामूल्य कार्यक्रम केला तर कॉपीराइट कायद्यात (१९५७) सवलत आहे. तिकीट लावलंत तर चित्रपटगीतांसाठी आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थेकडे) चौकशी करा. उघड्या जागेत केलंतच तर ध्वनिक्षेपकाची परवानगी आणि रात्री दहाची मर्यादा लक्षात ठेवा.

खर्चाचं आकड्यांत सांगत नाही, गावोगाव फरक पडतो. पण यादीत पाहुण्यांच्या मानधनाखालोखाल दोन ओळी ठळक लिहा: तबलजी आणि ध्वनी. या दोघांवर काटकसर केली की पैसा वाचत नाही, कार्यक्रम जातो. तबलजी तीनही दिवस हवेत, निदान शेवटचे दोन. मुलं आयुष्यात पहिल्यांदा माणसाच्या ठेक्यावर वाजवणार असतात, अॅपच्या नाही, आणि त्यांना त्याची सवय व्हायला वेळ लागतो. पाहुण्यांच्या मानधनात प्रवास, राहणं आणि त्यांची साथसंगत धरली आहे की नाही हे आधी लेखी ठरवा. हॉल नगरपालिकेचा असेल तर अर्ज लवकर द्या, आणि दिवाळीत एखादी संस्था तो आधीच अडवून बसली नाही ना ते बघा. बॅनर, बिल्ले, मुलांचे एकसारखे कुर्ते हे शेवटी, पैसे उरले तर. शिबिराचं शुल्क ठेवा, फुकट नको, पण दोन-तीन मुलांची फी कुणी गावातल्यांनी परस्पर भरावी अशी सोय करा आणि ती मुलं कोण हे वर्गात कुणाला कळू देऊ नका. कार्यक्रमाला प्रवेश मोफत आणि दाराशी देणगीची पेटी, हे तालुक्याच्या ठिकाणी तिकिटापेक्षा बरं चालतं.

मुलांचे व्हिडिओ सगळीकडे टाकायच्या आधी पालकांची सही असलेला साधा कागद घ्या. मुली राहायला असतील तर रात्री एक जबाबदार बाई शिबिरात हवीच.

प्रमाणपत्रांचं विचारलं नाहीत, पण पालक विचारतीलच. द्या, छापायला फार लागत नाही. मात्र त्यासोबत प्रत्येक मुलाला त्याच्या गटाच्या बंदिशीची श्वासाच्या खुणांसकट लिहिलेली प्रत आणि कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण द्या, आणि शिबिर संपल्यावर तीन-चार आठवड्यांनी एका रविवारी सगळ्यांना परत बोलवा. तेव्हा तीच बंदिश, तोच ताल, पाहुणे नाहीत, माइक नाही. कुणाचा ग–प आता स्वच्छ येतो आणि कुणाचा अजून फुटतो ते वहीत लिहून ठेवा. मे महिन्याच्या शिबिराचे गट त्यावरूनच पडतील.